पॉवर बँक, चार्जर आणि परवडणारी सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांपासून हिंजवडीतल्या पीजीपर्यंत सगळीकडून थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येत राहतात. पहिले बारा चार्जिंगचे आणि बॅटरीचे आहेत, पुढचे सॉफ्टवेअरचे. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॉवर बँक घेताना एमएएच पाहायचे की वॉट?

एमएएचवरून आत साठा किती ते कळतं, वॉटवरून तो किती जोरात बाहेर येतो ते. नुसत्या फोनसाठी घ्यायची असेल तर साठा पाहा. लॅपटॉपला लावायची असेल तर आधी वॉट पाहा आणि मग साठा.

दोन वस्तूंची तुलना करताना मात्र वॉट-अवर काढा. एमएएचला ३.७ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४. लॅपटॉपच्या बॅटरीवरही हाच आकडा छापलेला असतो (बहुतेक हलक्या लॅपटॉपना ४० ते ६० असतो), त्यामुळे हिशोब सरळ जुळतो.

फोनपुरती हवी असेल तर १०,००० एमएएच आणि २० वॉट पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरून जलद चार्जिंगची सर्वमान्य पद्धत) पुरे. लॅपटॉपसाठी २०,००० एमएएच आणि ६५ वॉट पीडी. या दोन्हींच्या मधलं काही घेणार असाल तर आधी प्रश्न ५ वाचा.

२. माझी पॉवर बँक १०,००० ची आहे आणि फोन ५,००० चा. तरी दोनदा पूर्ण चार्ज होत नाही. फसवलं का?

बहुधा नाही. १०,००० हा आतल्या सेलचा आकडा आहे, तोही ३.७ व्होल्टला. बाहेर देताना सर्किट तो दाब ५ किंवा ९ व्होल्टपर्यंत चढवतं आणि त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते. चांगल्या १०,००० च्या बँकेवर ती ५ व्होल्टला ५,८०० च्या आसपास दिसते. खरा आकडा तोच. त्यातून साधारण २९ वॉट-अवर मिळतात आणि ५,००० च्या फोनला १९ लागतात, म्हणजे दीड वेळा चार्ज. चार्ज करता करता रील्स पाहत बसलात तर दीडही नाही.

रेटेड कपॅसिटी छापलेलीच नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

३. ऑनलाइन ६९९ रुपयांत ५०,००० एमएएच मिळतेय. घ्यावी का?

नको. काट्यावर ठेवलीत तरी खोटं उघडं पडतं. पॉवर बँकेत बऱ्याचदा असणारा दंडगोल सेल सुमारे ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि त्यात २,५०० ते ३,५०० एमएएच मावतात. ५०,००० साठी असे निदान पंधरा सेल लागतील, म्हणजे नुसते सेलच पाऊण किलोच्या घरात. खरी २०,००० ची बँक साडेतीनशे-चारशे ग्रॅमची असते. हातात घेतल्यावर रिकाम्या डबीसारखी वाटली तर आत काय आहे ते समजून जा.

दुसरी खूण बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेवर ‘आयएस १३२५२’ आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकून पाहा: येणारं कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार हातातल्या वस्तूशी जुळतो का? क्रमांक खरा पण दुसऱ्याच कोणाच्या वस्तूचा, हा प्रकार सर्रास चालतो.

तपकीर गल्लीत किंवा डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीत घेत असाल तर भाव जरूर करा, पण बिल जीएसटीचं घ्या आणि काउंटरवरच आपल्या फोनला लावून पाहा. ‘बिलाशिवाय दोनशे कमी’ म्हणजे वॉरंटी तुम्ही दोनशे रुपयांना विकून टाकली.

४. माझा लॅपटॉप पॉवर बँकेवर चार्ज होईल का, हे कसं ओळखायचं?

लॅपटॉपसोबत आलेल्या चार्जरची पिन पाहा. ती टाइप-सी असेल तर होईल. गोल असेल, पण लॅपटॉपला वेगळं टाइप-सी पोर्टही असेल, तर त्या पोर्टशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह आहे का पाहा. चिन्ह नसेल तर मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्या पोर्टपुढे ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिलंय का ते तपासा. काही टाइप-सी पोर्ट फक्त डेटाचे असतात. त्यात काहीही खुपसलं तरी चार्जिंग होत नाही.

मग चार्जरवरचं आउटपुट वाचा. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॉट. पॉवर बँक तेवढ्याच वॉटची असावी. ४५ ची बँक बऱ्याच ६५ वाल्या लॅपटॉपना चालते, पण सावकाश चार्ज करते. जड काम सुरू असेल तर चार्ज वाढण्याऐवजी हळूहळू उतरतो.

चालेल किती वेळ? ७४ वॉट-अवरच्या बँकेतून लॅपटॉपला प्रत्यक्षात ५५ ते ६० मिळतात. टायपिंग आणि ब्राउझिंग करताना हलका लॅपटॉप १० ते १५ वॉट खातो, तेव्हा चार-पाच तास निघतात. गेमिंग लॅपटॉपचा विचार सोडा. त्यांचे चार्जर १८० ते २३० वॉटचे असतात. टाइप-सीवरून चार्जिंग होत असलं तरी ते हलक्या कामापुरतं.

५. २२.५ वॉटची २०,००० एमएएच बँक घेतली. फोन झकास चार्ज होतो, लॅपटॉपला लावली की काहीच होत नाही. बिघडली आहे का?

बँक ठीक आहे, पण ती फोनची आहे. हे २२.५ वॉट साधारणपणे ५ किंवा १० व्होल्टच्या जलद चार्जिंग पद्धतीचे असतात, आणि पीडीवर तीच बँक १८-२० वॉटच देते, तेही १२ व्होल्टच्या वर न जाता. बहुतेक लॅपटॉप १५ किंवा २० व्होल्ट मागतात. ते मिळाले नाहीत की चार्जिंग सुरूच करत नाहीत. काही मोजके हलके लॅपटॉप कमी व्होल्टवरही घेतात, पण बंद ठेवून आणि रात्रभर.

खरेदीआधी बँकेच्या मागे ‘२० व्होल्ट’ हे शब्द शोधा. नसतील तर ती लॅपटॉपसाठी नाही, मग खोक्यावर लॅपटॉपचं चित्र असलं तरी.

६. ६५ वॉटचा चार्जर फोनला लावला तर फोन जळेल का?

नाही. पीडीमध्ये किती घ्यायचं हे फोन ठरवतो आणि चार्जर तेवढंच देतो. एकच ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने छोटा) चार्जर घेऊन लॅपटॉप आणि फोन दोन्ही भागवणं हा उलट पैसे वाचवायचा चांगला मार्ग आहे. फक्त दोन पोर्ट एकदम वापरले की वॉट वाटले जातात, बहुधा ४५ आणि २०. दुसरी वस्तू लावताना किंवा काढताना पहिलीचं चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा जुळतं. तो बिघाड नव्हे.

७. केबल कोणतीही चालते का? आणि माझा ८० वॉटचा फोन पॉवर बँकेवर कासवगतीने का चार्ज होतो?

साधी टाइप-सी ते टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंत चालते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. ती १०० किंवा २४० वॉट अशा छापाची मिळते. चिप नसली तर चार्जर स्वतःहून ६० वर थांबतो. ‘१०० वॉटचा चार्जर आहे पण ६० च देतो’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा केबलच असतं. चार-पाचशे रुपयांत चांगली केबल येते. इथे कंजुषी करू नका.

फोनचं कारण वेगळं. ओप्पो, वनप्लस, रियलमी यांचे मोठ्या वॉटचे आकडे त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात आणि त्यांना त्यांचाच चार्जर आणि त्यांचीच केबल लागते. साधी पीडी बँक लावली की फोन १०-१८ वॉटवर उतरतो, काही मॉडेल त्याहून थोडं जास्त घेतात. सॅमसंगच्या २५ वॉटसाठी बँकेवर ‘पीपीएस’ लिहिलेलं हवं.

८. जुना लॅपटॉप आहे, गोल पिनचा. त्याला काही उपाय?

आहे, अटींसह. टाइप-सीकडून २० व्होल्ट मागून गोल पिनेतून देणारी ट्रिगर केबल मिळते. १९.५ व्होल्टच्या लॅपटॉपला २० चालतात. पिनेचं माप मात्र नेमकं पाहिजे. एचपी आणि डेलच्या ४.५ मिलिमीटरच्या पिना दिसायला सारख्या असल्या तरी मधल्या सुईचं काम वेगळं आहे. त्या सुईतून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. डेलला ओळख पटली नाही तर ‘अडॅप्टर ओळखता आला नाही’ अशी सूचना येते, मशीन चालतं पण मंद, आणि बॅटरी चार्ज होत नाही. म्हणून केबल विशिष्ट ब्रँडसाठी बनवलेलीच घ्या आणि दुकानात लॅपटॉप घेऊन जा. जुना चार्जर ९० वॉट किंवा त्याहून मोठा असेल तर या वाटेला जाऊ नका.

९. गुरुवारी लाइट जाते तेव्हा वाय-फाय पॉवर बँकेवर चालवता येईल?

येईल, पण राउटरसाठी वेगळा मिनी यूपीएस घेतलेला बरा. बहुतेक राउटर आणि फायबरचे डबे १२ व्होल्ट, १ ते १.५ अँपिअरचे असतात. आधी त्यांच्या अडॅप्टरवर पाहा. १२ व्होल्ट हा टप्पा पीडीमध्ये सक्तीचा नाही, त्यामुळे तुमच्या बँकेवर तो छापलेला नसेल तर ट्रिगर केबल चालणार नाही. शिवाय बँक एकीकडे चार्ज होत असताना दुसरीकडे राउटर चालवत असेल, तर लाइट गेल्याच्या क्षणी बऱ्याच बँका सेकंदभर पुरवठा तोडतात. राउटर पुन्हा सुरू होतो आणि तुमची मीटिंग तुटते. मिनी यूपीएसमध्ये हे होत नाही. घेताना पिनेचं माप पाहा, ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ यांत गल्लत होते.

एवढं करूनही वाय-फायचं चिन्ह दिसेल आणि इंटरनेट नसेल, असं होऊ शकतं. केबलवाल्याचा स्विच तुमच्याच इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात असतो आणि त्याला बॅकअप नसतो. आधी ते विचारा, मग खर्च करा.

याच्या उलट तक्रार इअरबडची: लावले की बँक मिनिटाभरात बंद. ते फारच कमी करंट घेतात, म्हणून बँकेला काही जोडलेलंच नाही असं वाटतं. बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून कमी करंटचा मोड सुरू होतो का ते माहितीपत्रकात पाहा.

१०. लोहगावहून विमानाने जाताना कोणती पॉवर बँक चालते? आणि रेल्वेत?

विमानात हातातल्या सामानातच, चेक-इन बॅगेत कधीही नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते. त्यावरची नेता येत नाही. २७,००० एमएएच म्हणजे ९९.९, म्हणून बाजारात त्या आकड्याच्या बँका दिसतात. छापील आकडा घासून पुसट झाला असेल तर ती सुरक्षा तपासणीत अडकू शकते. उड्डाणात ती वापरण्यावर बऱ्याच कंपन्यांची बंदी आहे, तिकीट काढताना त्यांचा नियम पाहून घ्या.

रेल्वेच्या बहुतेक डब्यांत सॉकेट ११० व्होल्टचं असतं. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर अडचण नाही. सॉकेट मात्र ढिलं असतं, तेवढी तयारी ठेवा.

११. पॉवर बँक फुगली आहे. काय करू?

वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा. टोचू नका, दाबू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. जळणार नाही अशा जागी, फरशीवर किंवा पत्र्याच्या उघड्या डब्यात, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा. ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेट घेते. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांना ई-कचरा म्हणून वेगळी द्या आणि फुगलेली आहे हे तोंडी सांगा.

फुगण्याचं पुण्यातलं नेहमीचं कारण म्हणजे स्कूटरची डिकी. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बँक ठेवून सिनेमाला जाऊ नका. बराच काळ वापरणार नसाल तर निम्मी चार्ज करून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पाहा.

१२. लॅपटॉपची बॅटरी तासभरही टिकत नाही. पॉवर बँक घेऊ की बॅटरी बदलू?

आधी बॅटरीची तब्येत पाहा. लेनोव्हो, डेल, एचपी यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये बॅटरीची माहिती असते, काहींत मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमताही दिसते. मॅकमध्ये ती सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’त असते. क्षमता साठ टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बॅटरी बदला. मरत आलेल्या बॅटरीला पॉवर बँकेचा टेकू देण्यात दुप्पट पैसे जातात. ऐंशीच्या वर असेल तर दोष बॅटरीचा नाही: स्क्रीनचा उजेड, मागे उघडे पन्नास टॅब, आणि सुरू होताना आपोआप चालू होणारी ॲप्स तपासा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मधून नको ती बंद करता येतात.

१३. माझ्याकडे अजून विंडोज १० आहे. नवा लॅपटॉप घ्यावाच लागेल का?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली आहे. आवृत्ती २२एच२ असावी लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय येतो आणि मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकट होते.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यात बसत असाल तर अपग्रेड मोफत आहे. बसत नसाल तर लिनक्स मिंट, ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, हा खरा पर्याय. ४ जीबी रॅमवर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती व्यवस्थित चालते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रुफस या मोफत प्रोग्रॅमने त्यावर मिंट चढवा, डेल-लेनोव्होवर एफ१२ किंवा एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि काहीही इन्स्टॉल न करता वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर वापरून पाहा. त्याआधी दोन गोष्टी: डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटच्या सेटिंग बदलल्या की ती मागितली जाऊ शकते.

अडतं कुठे? टॅली, ऑटोकॅड, काही डिजिटल सही टोकन, आणि घरोघरी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर. तो लिनक्सवर चालवणं हा चिकाटीचा खेळ आहे. यापैकी काही रोज लागत असेल तर मिंटकडे जाऊ नका.

१४. पाचशे रुपयांत विंडोज आणि ऑफिसची ‘ओरिजिनल’ की मिळते. ती खरी असते का?

की खरी असू शकते, विकण्याचा हक्क बहुधा खोटा असतो. यातल्या बऱ्याच की कंपन्यांना किंवा कॉलेजांना घाऊक दिलेल्या परवान्यातल्या किंवा जुन्या यंत्रांवरून काढलेल्या असतात. आज सक्रिय होतात आणि सहा महिन्यांनी ब्लॉक झाल्या की स्क्रीनवर पुन्हा ‘सक्रिय करा’ अशी पाटी येते. तोवर विकणाऱ्याचं खातं गायब.

मुळात बहुतेकांना की लागतच नाही. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा परवाना मदरबोर्डलाच बांधलेला असतो. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे पाहा. फॉरमॅट केल्यावर तीच आवृत्ती टाकली की तो आपोआप सक्रिय होतो. होम असताना दुकानदाराने प्रो टाकली तर मात्र होत नाही, आणि मग तो तुम्हाला ‘की’ विकतो.

१५. दुकानदाराने फॉरमॅट करताना सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून दिली. चालेल ना?

ती क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याची तपासणी मोडून काढलेली आहेत. ही तपासणी चुकवणारा ॲक्टिव्हेटर चालवायला अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमना आत यायला तेवढं दार पुरतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. सीए असाल किंवा छोटं ऑफिस चालवत असाल तर ही सूट धरून चालू नका.

फॉरमॅटला देताना ‘फक्त विंडोज आणि ड्रायव्हर टाका’ असं स्पष्ट सांगा.

१६. मग ऑफिसचं काम फुकटात कसं करायचं?

लिब्रेऑफिस. पत्रं, हिशोब, सादरीकरण सगळं होतं. दुसऱ्यांना फाइल पाठवायची असेल तर सेव्ह करताना वर्ड-एक्सेलचा फॉरमॅट निवडा. मराठीसाठी टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा. नाहीतर फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर तसंच राहतं. मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइल अर्धवट चालतात, तिथे मूळ एक्सेलच लागेल. कॉलेजचा ईमेल असेल तर कॉलेजने घेतलेलं मायक्रोसॉफ्टचं शैक्षणिक खातं आधी वापरून पाहा. साध्या खात्यावरही वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये मोफत आहेत.

१७. जुन्या श्रीलिपीतल्या फाइल नव्या लॅपटॉपवर कचरा दिसतात. आणि मराठी टायपिंगला काय वापरू?

श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले आहेत. फॉन्ट गेला की मागे उरतात त्या इंग्रजी खुणा. युनिकोड कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर कुठेही नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये बदलणारं साधन) वापरा, पण आधी मूळ फॉन्टचं नेमकं नाव शोधा, कारण प्रत्येकाची मांडणी निराळी. बदलल्यावर रफार, ‘ऱ्या’ आणि तीन व्यंजनांची जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच होतात. फक्त पीडीएफ उरली असेल तर ती गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा, चित्रावरून मराठी मजकूर बऱ्यापैकी उतरतो.

टायपिंगसाठी विंडोजमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि ‘मराठी फोनेटिक’ (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून लिहायचा) कळफलक निवडा. काही विकत घ्यायची गरज नाही. सरकारी परीक्षेसाठी सराव करायचा असेल तर जाहिरातीत मागितलेलाच कळफलक शिका. फोनेटिकची सवय इन्स्क्रिप्ट या सरकारी मानक कळफलकाला उपयोगी पडत नाही.

१८. टॅली आणि ऑटोकॅड शिकायचं आहे, पण परवाना परवडत नाही.

टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. नोंदी फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच करता येतात. शिकायला तेवढं पुरतं, दुकानाचा हिशोब ठेवायला नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना एक वर्षाचा मोफत परवाना देते. शिक्षण सुरू असल्याचा पुरावा दिला की दर वर्षी तो वाढवता येतो. त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही.

१९. अँटीव्हायरस विकत घ्यावा का?

विंडोज अद्ययावत असेल आणि प्रश्न १५ मधला प्रकार केला नसेल तर विंडोजमधला डिफेंडर घरासाठी पुरतो. अनेक लॅपटॉप सांभाळायचे असतील, मुलांच्या वापरावर नियंत्रण हवं असेल, किंवा अडचण आल्यावर मराठीत बोलणारं कोणीतरी हवं असेल, तर घ्या. क्विक हील पुण्याचीच कंपनी आहे. एकावेळी दोन अँटीव्हायरस मात्र ठेवू नका. लॅपटॉपसोबत आलेल्या चाचणी आवृत्तीची मुदत संपली की ती काढून टाका, कारण ती असेपर्यंत डिफेंडर बऱ्याचदा स्वतःहून बाजूला सरलेला असतो आणि मग पहारा कोणाचाच नसतो.